अकरा चेंडू आणि एक चिमटा

२ सप्टेंबर, सोमवार
मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं. शाळेतल्या सर्वांच्या मानसिक स्वास्थ्याचं काम आजपासून माझ्याकडे. सर्वांच्या म्हणजे मुलं, शिक्षक, पालक, झाडून सगळे. मीच का, असं विचारलं. म्हणाल्या, सर, तुमच्यावर एवढा प्रसंग आला आणि एक दिवस जादा रजा नाही. तुमच्याइतकं सावरलेलं माणूस दुसरं कोण आहे इथे? ही स्तुती की सहानुभूती, यावर घरी येईपर्यंत विचार केला. स्तुतीच असावी.
निश्चय : रोज नोंद. फक्त खरं लिहायचं. स्वतःबद्दल कमीत कमी, कारण विषय तो नाही.

४ सप्टेंबर
व्हरांड्यात दोरी बांधली. वर तीन चित्रं : सूर्य, ढग, पाऊस. प्रत्येकाच्या नावाचा एक चिमटा. सकाळी आल्यावर मनात असेल त्या चित्राखाली लावायचा. घरून कपड्यांचे चाळीस चिमटे नेले. घरी आता दहा पुरतात. बाकीचे विकत.
उदाहरण म्हणून पहिला चिमटा माझा. सूर्याखाली. पी.टी.चे सर म्हणाले, वा, हवामान खातं उघडलंत की! पण त्यांनीही लावला. ढगाखाली. हळूच चौकशी केली, तर म्हणाले, गुडघा.

५ सप्टेंबर
मधल्या सुट्टीत खेळाच्या खोलीत जाऊन सामान मोजलं. चेंडू अकरा. बाहेर येतो तर माझा चिमटा पावसाखाली! खोडसाळपणा. पुन्हा सूर्याखाली लावला.

९ सप्टेंबर
सामान मोजलं. अकरा. चिमटा पुन्हा पावसाखाली. पी.टी.च्या सरांवर संशय. हसत विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, मी नाही हो, आईशप्पथ.
नोटीस लावली : दुसऱ्याच्या चिमट्याला हात लावू नये.

१० सप्टेंबर
पावसाखाली. नोटिशीचा कागद सरळ करून, नीट चिकटवून ठेवलेला. म्हणजे नोटीस वाचणारा नव्हे, नुसता टापटिपीचा माणूस.

१२ सप्टेंबर
जिन्याखाली मावशींचं स्टूल असतं. घंटा, पाणी, झाडलोट सगळं मावशींकडे. मुलं तिथे उगाच येऊन बसतात. कुणी रडतं, कुणी नाक पुसतं, कुणी नुसतंच टेकतं. पद्धत म्हणून काही नाही. तिथे ‘शांत कोपरा’ करायचा : निळा पडदा, दोन गाद्या आणि एक नोंदवही. नाव, इयत्ता, कारण, दहा मिनिटं.
मावशींना विचारलं. म्हणाल्या, मला काय सर, मी बसेन फाटकापाशी. म्हणजे संमती मिळाली. (ती संमतीच होती ना? हो. शब्दशः.)

१८ सप्टेंबर
दुसरीत एक मुलगी आहे. वर्गात तोंड उघडत नाही. मुलं तिला ‘कुलूप’ म्हणतात. मी बंदी घातली. आता हळू म्हणतात.
आज तिला शांत कोपऱ्यात नेलं. कसं वाटतंय, असं तीन पद्धतींनी विचारलं. ती पडद्याच्या कड्या बघत होती. नोंदवहीत लिहिलं : पळून गेली नाही, ही प्रगती.
नंतर खिडकीतून पाहिलं, तर फाटकापाशी मावशींना हातवारे करून काहीतरी सांगत होती, अखंड. दहा मिनिटांच्या सत्राचा एवढा परिणाम होईल असं वाटलं नव्हतं.
चेंडू अकरा.

२० सप्टेंबर, सायंकाळी
ताईचा फोन. कपाट आवरलंस का, म्हणाली. म्हटलं, वेळ कुठे आहे, शाळेत केवढं काम अंगावर घेतलंय. म्हणाली, अरे, सात महिने झाले. साड्यांना कसर लागेल. मी म्हटलं, ताई, मी आता या विषयातलाच माणूस आहे. ती म्हणाली, जेवलास का?
चहा आजही दोन कप झाला. भांडंच मोठं आहे.

२७ सप्टेंबर
शांत कोपऱ्यात आठवडाभरात कुणी नाही. याचा अर्थ मुलं शांत आहेत.
संस्थेकडे पाठवायचा अहवाल लिहिला. एका वाक्यावर चाळीस मिनिटं घालवली : ‘जिन्याखालची जागा यापूर्वी वापरात नव्हती.’ हे खरं आहे का? स्टूल होतं. पण स्टूल ठेवणं म्हणजे वापर नव्हे. वाक्य ठेवलं.

३ ऑक्टोबर
संस्थेकडून अभिनंदनाचं पत्र. त्याच पत्रात खाली : तळमजल्यावरची ती जागा वापरात नव्हती, तर तिथे बसणाऱ्या मदतनीस बाईंना पुरेसं काम नसावं. सोमवारपासून त्यांची बदली दुसऱ्या शाखेत.
मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत जाऊन म्हटलं, हा अन्याय आहे. त्यांनी चष्मा लावून माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. म्हणाल्या, सर, तुम्ही एवढे काटेकोर. मला वाटलं, विचार करूनच लिहिलं असेल.
दुरुस्तीचं पत्र लिहिलं. तीन मसुदे झाले.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
मावशींचा शेवटचा दिवस. फाटकापाशी गेलो. ‘प्रशासकीय गैरसमज’ असं काहीतरी बोलायला लागलो. म्हणाल्या, राहू द्या सर. दोन बस बदलाव्या लागतील, एवढंच.
मग झाडूच्या काड्या हातावर ठोकत म्हणाल्या, तुमचा चिमटा मी हलवत होते. वहिनी गेल्यापासून तुम्ही मधल्या सुट्टीत त्या खोलीत जाता, चेंडू मोजायला. दाराबाहेर मी झाडत असते. सगळं ऐकू येतं, सर. चेंडू अकराच आहेत, मीपण मोजलेत. म्हटलं, दोरीवर खोटं टांगू नये, पोरं बघतात.
विचारलं, मावशी, तुमचा चिमटा कुठे लावता? म्हणाल्या, मला कुठे दिलात?
निघताना म्हणाल्या, त्या दुसरीतल्या पोरीला काही विचारत बसू नका. हातात फडकं द्या. पुसता पुसता बोलते ती.
घरी यादी काढली. दोनशे बारा मुलं, नऊ शिक्षक, रखवालदारसुद्धा. मावशी नाहीत.

७ ऑक्टोबर
पत्राला उत्तर : नोंद घेतली आहे. बदली कायम.

८ ऑक्टोबर
पडदा काढला. गाद्या उचलल्या. स्टूल परत ठेवलं. नोंदवही कपाटात टाकली.
सकाळी चिमटा मुद्दाम सूर्याखालीच लावला.
मधली सुट्टी होताच दुसरीतली ती मुलगी जिन्याखाली आली. मी फडकं पुढे केलं. तिनं स्टुलाकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं आणि फाटकाकडे गेली. तिथे गजांना धरून उभी होती. मी जवळ गेलो नाही.
खेळाच्या खोलीत गेलो. चेंडू मोजले नाहीत.
बाहेर आलो, दोरी पाहिली. चिमटा सूर्याखालीच.
साडेतीनला शाळा सुटल्यावर पुन्हा पाहिला.
सूर्याखालीच.