पहिल्या फेरीची पुढची सीट

श्रीगोंदा,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. थॉमसकाकांच्या सेवेशी,
सारा हिचा कृ. सलाम वि. वि.

आम्ही दोघी खुशाल. गेल्या रविवारी फोनवर मी घसा फोडून ओरडत होते आणि तुम्ही इकडे पाऊस बेताचाच आहे असं सांगून फोन ठेवलात. तुमचं कानातलं मशीन काकूच्या डब्यात पडून आहे हे आम्हाला कळलंय बरं का! आई म्हणाली, तुझ्या काकांना पत्रच लिही, अक्षर तरी तपासतील.

तर बातमी अशी. सुप्याच्या कारखान्यात मला सकाळच्या शिफ्टची क्वालिटी इनचार्ज केलंय. आमच्याकडे ब्रेकचे पार्ट बनतात, आणि माझ्या सहीशिवाय एक खोकंही गेटबाहेर जाणार नाही. सतरा नोव्हेंबरपासून सुरुवात. अट एकच, सकाळी सहाला हजर पाहिजे. कंपनीची बस नगरहून येते, श्रीगोंद्याहून नाही, आणि एवढ्या सकाळी एसटी मला कुठली मिळायला? सुप्यात खोली घ्यावी तर आई इथे एकटी. आईला सोडायचं नाही आणि हे पदही सोडायचं नाही. म्हणून मी गाडी घेतेय.

इथल्या ओंकारची आहे, ऊसवाल्या सूर्यभानमामांच्या मुलाची. पोलो जीटी, लाल, एकवीस सालची, टर्बो इंजिन, सहा गिअर. दिसायला टीचभर पण दम भारी. ही गाडी आता नवीन मिळत नाही, आणि जुनी माझ्या साठवणीत बसते, कर्ज नाही. तुम्ही नाक मुरडणार हे गृहीत धरूनच लिहितेय. तरी तुमचा होकार हवा आहे. बाबांच्या माघारी या घरात तुम्हाला विचारल्याशिवाय साधं कपाटसुद्धा आलेलं नाही.

काकूला सलाम. उत्तर लगेच धाडा, माझा धीर फार टिकत नाही.

आपली लाडकी आणि हट्टी,
सारा

—

खर्डा,
१८ ऑक्टोबर २०२५

चि. सारा हिस थॉमसकाकाचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र पावलं. अक्षर बरं आहे, डोकं तपासायला हवं.

अगं, ती गाडी मला चांगली ठाऊक आहे. आमच्या किल्ल्याकडे रविवारी पोरं घेऊन येतात. काळ्या काचा, आत धडाधडा गाणी, नि ब्रेक मारला की अर्धा गाव बाहेर. माझ्या कानांनासुद्धा ऐकू येतात, आता बोल! कुणा पोराने हौसेपायी पिदडलेली गाडी तू रोजच्या वापराला घेणार? गाडी घ्यायचीच तर आमच्या निवृत्त पोस्टमास्तरांची पांढरी आहे. आठवड्यातून एकदा जामखेडच्या बाजाराला जाते, तीही त्यांची बायको शेजारी बसून हळू हळू म्हणत असते तेव्हा.

पण खरं सांगू का, गाडीच नको. बी.एस्सी. झालीस, माझ्या शब्दाखातर बी.एड. केलंस, ते काय नट-बोल्ट मोजायला? सात वर्षांपूर्वी कारखान्यात तात्पुरतं जाते म्हणाली होतीस, म्हणून मी गप्प बसलो. आता मी नगरच्या आपल्या मिशनच्या शाळेत मुख्याध्यापिकाबाईंना भेटून आलो आहे. विज्ञानाच्या शिक्षिकेची जागा आहे. माझा मान ठेवून त्यांनी ती वीस नोव्हेंबरपर्यंत अडवून धरली आहे. श्रीगोंद्याहून सरळ एसटी, रविवार मोकळा, मे महिना मोकळा. घंटा झाली की घर. ही खरी नोकरी. आपल्या घराण्यात आजोबांपासून सगळे शिक्षक, आणि तू काळोखात लाल गाडी हाकत कारखान्यात जाणार? मला ते पटत नाही, आणि पटल्यासारखं दाखवणं मला जमत नाही.

काकूने करंज्या पाठवल्यात, एसटीच्या कंडक्टरकडे दिल्यात. मोजून घे, तो गोडखाऊ आहे.

तुझ्या भल्याचंच बोलणारा,
थॉमसकाका

—

श्रीगोंदा,
२७ ऑक्टोबर २०२५

ती. काकांच्या सेवेशी,
सारा हिचा कृ. सलाम.

करंज्या पोचल्या. कंडक्टर निर्दोष आहे, आल्या तशा सगळ्या आईनेच संपवल्या.

काल गाडी बघून आले. तुमच्या धाकाने अशी तपासली की ओंकार घामाघूम झाला. आधीच सांगून ठेवलं होतं, मी यायच्या आत इंजिन चालू करायचं नाही, थंड इंजिनच खरं बोलतं. बॉनेटवर हात ठेवूनच सुरुवात केली. कारखान्यातून रंगाची जाडी मोजायचं यंत्र मागून नेलं होतं. डाव्या मागच्या दारावर रंग दुप्पट जाड निघाला, म्हणजे दार पुन्हा रंगवलेलं. विचारल्याबरोबर त्याने कबूल केलं, उसाची ट्रॉली घासली होती. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून सगळी नोंद जुळवली. टायरवरची तारीख वाचली, खाली झोपून गळती बघितली. मामी म्हणायला लागल्या की पोरगी गाडी घ्यायला आली का पोलिसातून आली! माल नाकारणं हेच माझं रोजचं काम आहे, काका. एवढं करून ही गाडी मी नाकारू शकले नाही.

विकायचं कारणही सरळ आहे. सूर्यभानमामा म्हणाले की गाडी लई पळती, पन आमच्या बांधावर तिचं प्वाट घासतंय, आन घरात जुळी झाल्यात, आता कुठं कुठं बसवायचं. त्यांना मोठी गाडी हवी आहे.

आणि हौस म्हणून घेतेय असं समजू नका. थोडी हौस आहे, खोटं कशाला बोलू! पण बेलवंडीचा रस्ता या दिवसांत कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, समोरून ट्रक. पोस्टमास्तरांच्या गाडीने त्याला ओलांडायला गेले तर निम्म्यातच दम सुटायचा. मला पटकन पुढे निघून आपल्या बाजूला येणारी गाडी हवी. ओंकारला शेजारी बसवून घोगरगावपर्यंत नेऊन आणली, मला पाहिजे तश्शी आहे.

शाळेचं म्हणाल तर, काका, मला शाळेत जायचं नाही. तुम्ही उत्तम शिक्षक आहात आणि मी वाईट होईन. तुमचा शब्द वाया जातोय याचं मला वाईट वाटतंय, अगदी मनापासून वाटतंय. पण गाडी ठरवली आहे. चर्चमधल्या सुगीच्या उपकारस्तुतीच्या सणाला दरवर्षीसारखे इकडे या, तेव्हा बघाल.

रागवा, पण अबोला धरू नका. तो मला सोसत नाही.

आपली,
सारा

—

खर्डा,
३ नोव्हेंबर २०२५

चि. सारा हिस अ. उ. आ.

पत्र पावलं. तू मोठी झालीस, मी काय बोलणार? सोळा तारखेला सणाला येईन, कारण तो देवाचा दिवस आहे. तुझ्या गाडीत बसणार नाही. स्टँडवर घ्यायलाही येऊ नकोस, मी चालत येईन.

शाळेची जागा वीस तारखेपर्यंत तशीच राहील. मी ती सोडायला सांगितलेली नाही आणि सांगणारही नाही.

तुझ्या काकूचा निरोप: सणाच्या लिलावात गावरान कोंबडा आला तर मी घेतल्याशिवाय परत फिरायचं नाही, आमचा म्हातारा झाला. हे तिने कोंबड्याबद्दलच म्हटलं आहे असं मी धरून चालतो.

थॉमसकाका

—

श्रीगोंदा,
१६ नोव्हेंबर २०२५, रविवार संध्याकाळ

ती. स्व. जाऊबाईंस, नॅन्सीचा सा. सलाम वि. वि.

हे पत्र भाऊजींच्याच पिशवीत घालून पाठवतेय, कारण ते स्वतः तुम्हाला यातलं अक्षर सांगायचे नाहीत. वाटेत वाचलं तर वाचू देत.

आज सण छान झाला. वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, पपया, उसाच्या मोळ्या. तुम्हाला माहीतच आहे, ज्याने त्याने आपलं प्रथमफळ आणायचं, मग लिलाव, आणि पैसा ख्रिस्तमंदिराला. आमचं शेत नाही, म्हणून दरवर्षी बाजारातली अंडी ठेवतो आणि मला लाज वाटते. या वर्षी सारा म्हणाली, माझं पीक म्हणजे ही गाडी, मी तिच्या पहिल्या फेरीची पुढची सीट देणार. उद्या पहाटे तिच्या शेजारी बसून सुप्यापर्यंत जायचं, हे ते प्रथमफळ! गाडी काल संध्याकाळी दारात आली. सूर्यभानमामांनी नारळ फोडला, मागोमाग पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, दोन्हीकडून बंदोबस्त झाला. दारात आल्यापासून तिच्यात कुणी बसलेलं नाही, मीसुद्धा.

लिलाव पुकारायला आमच्या मंडळीतले अँड्र्यूभाऊ होते. सारा किल्ली हातात घेऊन टेबलाशी उभी राहिली. आता गंमत ऐका. त्याच टेबलाच्या पायाला एक तांबडा गावरान कोंबडा बांधलेला, आणि भाऊजी पहिल्या बाकावर. तरुण पोरांनी सीटवर बोली सुरू केली, तसा भाऊजींचा हात वर गेला. पुन्हा गेला. सगळे थक्क! इतके दिवस गाडीत बसणार नाही म्हणणारा माणूस पुतणीसाठी हटेना. मला तर रडूच आलं, बायका टाळ्या वाजवायला लागल्या. पोरं गप्प झाली तरी हे स्वतःच्याच बोलीवर बोली चढवत राहिले. तीनदा नाव पुकारलं आणि सीट यांच्या नावावर झाली. भाऊजी उठले, शांतपणे टेबलापाशी गेले आणि कोंबडा सोडायला लागले!

पाळकसाहेबांनी कानाशी ओरडून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण तीनदा पुकारलेली बोली फिरत नाही, हा नियम खर्ड्याच्या मंडळीत वीस वर्षं त्यांनीच चालवला. खाली बसले आणि म्हणाले, देवासमोर हात वर केला, आता मागे घेत नाही. साराने हसू दाबलं, पण मी तिची आई आहे, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. शाळेत जाणार नाही म्हणते खरी, पण भाऊजींच्या मनाविरुद्ध ती उद्या गेटातून आत गेली असती तर ते तिला रोज बोचलं असतं.

कोंबडा मात्र अँड्र्यूभाऊंकडे गेला. रागवू नका.

आपली धाकटी,
नॅन्सी

—

खर्डा,
१९ नोव्हेंबर २०२५

चि. सारा हिस थॉमसकाकाचे भरभरून आशीर्वाद.

सोमवारी संध्याकाळी सुखरूप पोचलो. तुझ्या आईचं पत्र काकूने मोठ्याने वाचून दाखवलं, आणि तेवढ्यापुरतं मशीन माझ्या कानात घालायला लावलं. शेजारीपाजारी आता मला कोंबडेवाले सर म्हणतात.

गाडीबद्दल लिहितो. श्रीगोंद्याच्या वेशीपर्यंत मी डोळे मिटून स्तोत्र म्हणत होतो. तू हसत होतीस, ते मला दिसलं. म्हणजे एक डोळा उघडा होता. बेलवंडीच्या अलीकडे ती ट्रॉली आली तेव्हा मात्र दोन्ही उघडले. तू घाई केली नाहीस. मागे राहिलीस, वाकून पुढचा रस्ता बघितलास, मोकळा दिसल्यावर गिअर उतरवलास, आणि मी आमेन म्हणेपर्यंत आपण पुढे जाऊन आपल्या बाजूला आलोसुद्धा. पोस्टमास्तरांच्या गाडीत असतो तर ते आमेन शेवटचंच ठरलं असतं. ती शिफारस मी मागे घेतो. सीट जरा कडक आहे, कंबरेला कळतं. पण गाडी पिदडलेली नाही. तू नीट पारखलीस.

आता पुढचं, जे मी तिथे तुला बोललो नाही. तू आत गेलीस आणि मला एसटीला वेळ होता म्हणून गेटवरच्या वैजनाथने बसवून घेतलं. मला वाटलं होतं, कुठेतरी कोपऱ्यात बसून तू नट-बोल्ट मोजत असशील. थोड्या वेळाने भरलेला ट्रक बाहेर निघाला आणि तू मागून आलीस. डोक्यावर ते पिवळं टोपडं. हात वर केलास. एवढं मोठं धूड जागच्या जागी थांबलं. माझ्या वयाचा एक माणूस कागद घेऊन तुला काहीतरी समजावत होता, तू ऐकून घेतलंस, मान हलवलीस, आणि ट्रक मागे फिरला. कुणी हुज्जत घातली नाही. तू आवाज चढवला असशील असंही वाटलं नाही, चढवला असता तर मला ऐकू आला असता.

मी वैजनाथला विचारलं, काय झालं? तो कानाशी येऊन म्हणाला की मॅडमला एका खोक्यात शंका आली, आता सगळा माल पुन्हा तपासणार. हे ब्रेक हायेत, मॅडम न्हाई म्हनल्या की न्हाई. मग चहा मागवला आणि पोराला ओरडून सांगितलं, मॅडमचे काका आल्यात, चांगला आण. अगं, उभ्या जामखेड तालुक्यात मला थॉमस सर म्हणतात आणि तुला सरांची पुतणी. मला माझं नावसुद्धा कुणी विचारलं नाही. तो चहा मी फार सावकाश प्यालो.

नगरला उतरून आधी शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंना म्हणालो, ती जागा दुसऱ्या कुणाला द्या, माझ्या पुतणीला नोकरी आहे. त्यांनी साहजिकच विचारलं, कधी लागली? मी सांगितलं, सात वर्षं झाली, मला आज कळलं.

सकाळी निघताना आईला उठवत जाऊ नकोस, आणि खाल्ल्याशिवाय गाडी काढू नकोस. पत्र लिहीत जा, फोनच्या नादी लागू नकोस.

मॅडमचे काका,
थॉमस