टिलीच्या तोफा आणि पोळ्याचे बैल

३ ऑगस्ट, रविवार

पुन्हा अर्धवट! माझी हळकुंडं स्वीडनच्या राजापासून फक्त दोन विती लांब, आणि देविदास मनगटावरचं घड्याळ बघून म्हणतो, "बंडोपंत, गाडीचा टाईम झाला." रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी हा माणूस अजून एसटीचा कंट्रोलरच! कुठली गाडी? घर दोन गल्ल्या सोडून आहे.

दीड वर्षापासून दर रविवारी आम्ही ब्रायटनफेल्डची लढाई लढतोय. एकदाही संपलेली नाही. खरी लढाई १६३१ साली एका दुपारीत आटोपली होती. लेकीकडे, जान्हवीकडे, लाइपझिगला गेलो होतो तेव्हा पोरीने ती जागा दाखवली — एक दगड आणि आजूबाजूला शेत. तिथूनच हे वेड घेऊन आलो. सोबत कथलाचे सैनिक एक डबाभर. ते देविदासच्या स्वीडिश फौजेलाच पुरले, म्हणून माझ्या टिलीची, म्हणजे जर्मन बादशहाच्या सेनापतीची, फौज हळकुंडांची. वसमतमध्ये हळकुंडांना काय तोटा! चौकोनी रचली की लांब भाल्यांच्या पलटणी थेट तशाच दिसतात.

दोष आमचा नाही, नियमांचा. पुस्तक चौसष्ट पानांचं. वाऱ्याचा तक्ता, धुराचा तक्ता, बंदूक पुन्हा भरायचा तक्ता. एक बार काढायचा तर तीनदा फासे! जान्हवीला कळवलं आहे, दुसरं काही बघ म्हणून.

५ ऑगस्ट

आलं! आठ पानी. मोबाईलवर आलं ते झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतलं आणि ओट्यावर बसून एका दमात वाचलं. वा! लिहिणारा म्हणतो, तू सेनापती आहेस, हवालदार नाहीस. कोणी किती गोळ्या झाडल्या ते विसर. पलटण टिकली का फुटली, एवढंच बघ. एका पलटणीला एक फासा. अंतर इंचात आहे, ते आम्ही वितीत करू — वीत माझी धरायची, देविदासची नाही, त्याचा पंजा फावड्याएवढा आहे.

शेवटच्या पानावर हिवाळी छावणीचा नियम. थंडीत फौजा लढत नसत, गावोगावी मुक्कामाला जात. आमच्या काय कामाचा! इथे लढायचा ऋतूच हिवाळा. बंद ठेवायचंच तर एप्रिल-मे ठेवावे लागतील, तेव्हा वरच्या खोलीत कथील वितळेल.

७ ऑगस्ट

आमच्या हिने, गंगूने, माझी एक पलटण दळली. विचारलं तर म्हणे, "अहो, हळद संपली होती. तुमची तिथं नुसतीच उभी होती."

१० ऑगस्ट, रविवार

आज खेळ झाला नाही. देविदास आला, बसला, आणि म्हणाला, "पोरगा भावसिंग म्हणून राहिला, पुण्याला चला. एकटे काहून राहता?"

शिलावहिनी गेल्याला दोन वर्षं झाली. देविदास स्वतः भाकरी थापतो. पोराचं काही चुकत नाही. मलाही मुलगा असता तर मीही हेच ऐकलं असतं.

"मग? काय म्हणालात?"

"म्हणलो, बंडोपंतांसंग एक लढाई पुरी होऊ दे, मंग येतो. पोळ्याला येऊन राहिला तो." आणि हसला. मीही हसलो.

तो गेल्यावर आठ पानी पुस्तक उचललं आणि कपाटात, माझ्या लग्नातल्या कोटाच्या खाली ठेवून दिलं.

११ ऑगस्ट

म्हणजे लढाई संपली की देविदास जाणार. न संपली तर नाही. सरळ हिशोब आहे. चौसष्ट पानी पुस्तकासारखं पुस्तक नाही! धुराचा तक्ता तर फारच सुंदर आहे. आज पुन्हा वाचला.

लबाडी आहे, कळतं मला. पण या गावात स्वीडनचे दोस्त सॅक्सन पळाले म्हटल्यावर टाळी देणारा दुसरा माणूस दाखवा.

१२ ऑगस्ट

टिलीच्या डब्यात, हळकुंडांच्या खाली खडीसाखर ठेवतो. गंगूला माहीत नाही. शुगर वाढल्यापासून गोड बंद करणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. आज दोन खडे जास्त खाल्ले. जीव लागत नाही.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला देविदास भेटला. खिशातून काय काढलं? आठ पानी पुस्तक! जान्हवीने त्यालाही पाठवलं होतं. आगाऊ कार्टी!

"बंडोपंत, हे भारी हाय बरं का. पाचच्या आत निकाल!"

मी म्हणालो, मला तर फार पोरकट वाटलं. बंदूक भरायला वेळ लागतो हे त्यात कुठे येतं?

"तुमीच तर म्हणत होते, तकलीफ होते त्या तक्त्यांची."

जिलेबी न घेता घरी आलो. मला सगळ्यात काय लागलं असेल तर त्याची घाई. इतकी घाई असेल तर खुशाल जावं.

१६ ऑगस्ट

नाही, खुशाल बिशाल काही नाही. डोकं चालवलं. आठ पानीच घ्यायचं, पण त्यात आपले घरचे नियम घालायचे, असे की लढाई मुंगीच्या पावलाने सरकेल. टिलीच्या तोफा अवजड होत्या, पुस्तकातही तसं लिहिलंय. तर नियम: बैलजोडी पुढे जुंपलेली असल्याशिवाय जड तोफ हलणार नाही, आणि बैल एका डावात वीतभरच चालणार. तिकडे घोडे जुंपत, पण मी घोडे आणू कुठून? कुंभाराकडे पोळ्याचे मातीचे बैल आलेत. सहा जोड्या आणल्या. वशिंडं काय सुरेख!

आता तोफा टेकडीपर्यंत न्यायलाच दिवाळी उजाडेल.

१७ ऑगस्ट, रविवार

देविदासने नियम वाचला, बैल हातात घेऊन उलटेसुलटे बघितले. "चालतंय. आमच्या बंजारा पूर्वजांनी बैलांवर धान्य वाहूनच फौजा पोसल्या. पण माझ्या तोफा हलक्या हायेत, त्या माणसं ओढतील. पुस्तकात हाय." आहे खरं पुस्तकात. मान्य केलं.

मग खेळ काय रंगला म्हणता! माझे घोडेस्वार जुन्या पद्धतीने पुढे गेले, पिस्तूल झाडलं, वळले, मागे आले. देविदास पोट धरून हसायला लागला. "हे तर आमच्या डेपोतल्या गाड्या! येतात, धूर सोडतात, वळतात, जातात. प्रवासी तिथंच!" त्याचे स्वार तलवार उपसून सरळ आत घुसतात. नियमातच तसं आहे, आणि नियम बरोबर आहे, काय करणार.

मग त्याच्या डाव्या बाजूच्या सॅक्सन मित्रांचा फासा पडला — एक! आख्खं सॅक्सन सैन्य टेबलावरून खाली. मी खोलीभर नाचलो. गंगू खालून ओरडली, "छत पडेल!"

पण पाच वाजता कळलं, बैलांनी तोफा टेकडीवर पोचवल्या आणि अर्ध्याहून जास्त लढाई झालीसुद्धा. हे आठ पानी फारच पळतंय. या वेळी, देविदासच्या हट्टाने, न आवरता तसंच मांडून ठेवलं आहे. पुढचे डाव पोळ्याला दुपारी, कारण रविवारी भावसिंग त्याला घेऊन निघणार.

दोन वर्षांत इतकी मजा आली नव्हती. आणि ही मजा संपवायला मीच फासे टाकतोय.

२१ ऑगस्ट

खांदमळणी. गंगू वर आली आणि रणांगणावरून सहाच्या सहा जोड्या उचलून घेऊन गेली. तिने आणलेले बैल म्हणे बसके होते, माझे चांगले. पाटावर मांडले, खांद्यांना लोणी-हळद चोळली. हळद माझ्याच पलटणीची!

देविदास तांड्यावर निघाला होता, वाटेत डोकावला. चपला काढून मातीच्या बैलांपुढे वाकला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." अगदी मनापासून म्हणाला. मला उगीचच भरून आलं.

२२ ऑगस्ट, पोळा

हरलो. संपली.

देविदास तांड्यावरचा पोळा बघून तीनला आला, कपाळावर गुलाल. गंगूने पूजा करून बैल परत तोफांपुढे ठेवले होते — तिनेच, नीट, शिंगांना हिंगूळ लावून. मी डाव मांडला. त्याचे स्वार माझ्या टेकडीच्या बगलेला आलेले. धोका दिसत होता, पण मी निर्धास्त. तोफा दोन विती मागे घ्यायच्या, हळकुंडांच्या चौकोनात शिरायचं, मग तो बसेल दसऱ्यापर्यंत धडका देत! मी बैलजोडीला हात घातला.

"बंडोपंत," देविदास म्हणाला, "आज पोळा हाय."

"मग?"

"आज बैलाला जू न्हाई."

मी म्हणालो, अहो, हा १६३१ सालचा सप्टेंबर आहे, हे जर्मनीतले बैल आहेत!

"जर्मनीत पोळा नसंल. टेबल तर वसमतमध्ये हाय ना?"

गंगू पोळ्यांचं ताट घेऊन दारात उभी. मी तिच्याकडे बघितलं. चाळीस वर्षांचा संसार, वाटलं आपल्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, "पूजेचे बैल आहेत. आज कामाला लावलेत तर बघा!"

आणि खरं सांगायचं तर माझाही हात उचलेना. लहानपणापासून पोळ्याला बैलाच्या पाठीवर काठीसुद्धा ठेवली नाही. मी हात मागे घेतला.

तोफा जागच्या जागी. देविदासचे स्वार टेकडीवर चढले, तोफा त्याच्या झाल्या, आणि त्याने त्या तिथल्या तिथे माझ्याच फौजेकडे वळवल्या. वळवायलाही बैल लागतात, हे मीच नियमात लिहायचं विसरलो होतो. खऱ्या ब्रायटनफेल्डलाही हेच झालं होतं! टिलीच्या तोफांनी टिलीलाच भाजून काढलं. पावणेपाचला माझी शेवटची पलटण फुटली. दीड वर्षात पहिल्यांदा निकाल, तोही घड्याळाच्या आत.

वाटलं, देविदास उड्या मारेल. तो पोळी खात राहिला. मी म्हणालो, "अभिनंदन." तो म्हणाला, "तूप वाढा की."

मग गेला. हळकुंडं आवरायला हात झाला नाही.

२३ ऑगस्ट

भावसिंगची गाडी देविदासच्या दारात. मी त्या गल्लीने गेलो नाही. खडीसाखर सात खडे.

२४ ऑगस्ट, रविवार

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. निरोप घ्यायला आला असेल म्हणून मी चष्मा पुसत बसलो. देविदास आत आला, आणि मागून भावसिंग — हातात प्लायवूडचा भला मोठा तुकडा, चेहरा कंटाळलेला. "काका, तुमीच सांगा आता बाबांना. म्हणतात एक लढाई झाली, पण युद्ध तीस वर्षांचं हाय!"

"खोटं हाय का?" देविदास म्हणाला. "सोळाशे अठरा ते अठ्ठेचाळीस. आपली एकतीसची लढाई झाली. एका वर्षात एक वर्ष, हा माझा घरचा नियम. एप्रिल-मे छावणी पुण्यात, याच्याकडं. मृगाला परत. म्हणून तर लवकर संपवायची घाई होती, पुढल्या लढाया कवा लढायच्या? टेबल मोठं करायला फळी बी आणलीय."

सतरा वर्षं उरली. मी अडुसष्ट, म्हणजे संपेल तेव्हा पंचाऐंशी.

टिलीच्या डब्यातली खडीसाखर खाली नेऊन गंगूच्या हातात दिली.