एमच्या जागेचा प्रश्न

ती. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (डोकं टेकतं, उरलेल्या सात अंगांबद्दल गुडघ्यांशी बोलणी चालू आहेत). तुझी सर्दी गेली का? भावोजी आणि त्यांचा रक्तदाब दोघेही ताळ्यावर असतील असं धरून चालते. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त मी संतापलेली आहे, आणि ते तुला अक्षरावरून कळलंच असेल. कॉन्व्हेंटमध्ये मदरने फूटपट्टीने घडवलेलं माझं अक्षर रागातसुद्धा ओळ सोडत नाही, पण दाब वाढतो. पानाच्या मागून बोट फिरवून पाहा.

कारण तुझा मुलगा. शिकायला म्हणून तू माझ्याकडे ठेवलास, शिकून झालं, नोकरी लागली, तरी मागच्या खोलीत आहेच. खुर्चीवर ओला टॉवेल टाकतो, त्याबद्दल मी कधी एक शब्द लिहिला नाही. पण आता त्याने माझा एम अडवून ठेवला आहे. महिनाअखेर नवी आवृत्ती निघायची आहे. तीत माझा एम गेला नाही तर पुढली काही वर्षं जगभरातली माणसं तो जुना, दाटीवाटीत घुसमटलेला एम बघत बसतील, आणि त्याचं पाप तुझ्या कुशीत जन्मलेल्याच्या माथी.

एम म्हणजे कोण असं तुला वाटेल. एम म्हणजे इंग्रजीतला स्मॉल एम. तुझा मुलगा नोकरीवरून आला की प्रोग्रॅमर लोकांसाठीचा एक फॉन्ट सांभाळतो. फॉन्ट म्हणजे अक्षरांचा संच. कोण्या एका मुलाने तो हौसेने काढला, मग त्याचं लग्न झालं आणि हौस संपली, तेव्हापासून तो आपल्या दारात आहे. हा संच फुकट आणि उघडा असतो. कोणीही यावं, न्यावा, खोलून बघावा, बदल सुचवावा आणि नावं ठेवावीत. पहिल्या चार गोष्टी लोक सवडीने करतात, पाचवी मात्र कोणी चुकवत नाही. सध्या तो या संचाला नवं रूप देतो आहे. शून्य ओसारखं दिसू नये म्हणून त्याच्या पोटात टिंब असावं की तिरकी रेघ यावर जगात दोन तट पडलेत आणि दोन्हीकडची माणसं याच्याशी भांडतात (एकानेही जेवलास का म्हणून विचारलेलं नाही).

या फॉन्टचा एकच कडक नियम आहे. प्रत्येक अक्षराला सारखीच रुंद जागा. प्रोग्रॅमर लोकांच्या ओळी शाळेच्या कवायतीसारख्या एकामागे एक लावलेल्या असतात, मधलं एक मूल जाडं निघालं की सगळी रांग वाकडी. हे मला आता माहीत आहे. तेव्हा इतकं माहीत नव्हतं. तुला ठाऊक आहे, मी नोकरीची सगळी वर्षं सरकारी क्वार्टर्स वाटण्यात घालवली. एकट्याला एक खोली, पोराबाळांवाल्याला दोन, यात मी कधी चूक केली नाही. त्यामुळे पहिल्यांदा त्याच्या पडद्यावर ही वाटणी पाहिली तेव्हा मला जेवण गोड लागलं नाही. आय म्हणजे सडाफटिंग, एक काठी आणि डोक्यावर टिकली. त्याला जेवढी खोली तेवढीच तीन पायांच्या एमला. आय तर खोली भरलेली दिसावी म्हणून पायाखाली लांबलचक पाट घालून बसलाय (रिकामी दिसली तर काढून घेतील ही भीती, असले भाडेकरू मी ओळखते). आणि एम बिचारा पोटात पाय घेऊन. मी म्हटलं, हा अन्याय आहे. तुझा मुलगा म्हणाला, "मावशी, हा अन्याय नाही, मोनोस्पेस आहे." मोठं नाव दिलं की अन्याय मिटतो असं हल्ली कॉलेजात शिकवत असावेत.

मी यात पडले कशी ते सांगते. लोकांच्या तक्रारी वाचून तो रोज उतरलेल्या तोंडाने ताटावर बसायचा. मी म्हटलं, उत्तरं मी देते, माझं इंग्रजी तुझ्यापेक्षा बरं आहे. त्याने दिली परवानगी. एका गृहस्थाने (फोटोच्या जागी मांजर लावलंय, म्हणून आम्ही त्याला मांजरवाला म्हणतो) ना नमस्कार ना चमत्कार, एकदम लिहिलं होतं की तुमचा एल आणि एकचा आकडा सारखेच दिसतात, लाज वाटायला हवी. मी त्याला लिहिलं की पत्राची सुरुवात अभिवादनाने होते, आणि लाज हा शब्द अनोळखी बाईला लिहिताना माणसाने आधी आपल्या आईसमोर मोठ्याने म्हणून पाहावा. दुसऱ्या दिवशी त्याने माफी मागितली आणि एलचं शेपूट कसं वळवावं याचं चित्रही पाठवलं. त्यानंतर तक्रारी लिहिणारे सगळे डियर मॅडम म्हणू लागले. तुझ्या मुलाला याचं कौतुक वाटलं आणि त्याने मला अक्षरांच्या रेषा सरकवायला शिकवल्या. तिथे त्याची चूक झाली, माझी नाही.

एके दिवशी त्याची अक्कलदाढ काढायची होती. जाताना म्हणाला, सगळं तपासून ठेवलंय, अकरा वाजता फक्त बटण दाब की आवृत्ती बाहेर पडेल. मी बसले. अकराला अवकाश होता. समोर तो एम. मला राहवेना. मी त्याच्या खोलीच्या भिंती दोन्ही बाजूंनी किंचित सरकवल्या, आणि मनमानी नको म्हणून जेवढी जागा त्याला दिली तेवढी आयची काढून घेतली. एकूण जागा तेवढीच राहिली. याहून स्वच्छ वाटप माझ्या हातून कचेरीतही झालं नव्हतं. मग बटण दाबलं आणि भाजी निवडायला घेतली.

ताई, मेथी निवडून होते न होते तोच जग कोसळलं. ज्या ज्या ओळीत एम होता ती पुढे सरकली, ज्या ओळीत आय होता ती मागे आली. कोणाच्या तक्त्यांच्या उभ्या रेघा दारू पिऊन घरी आल्यासारख्या झुलत होत्या. एका बाईने लिहिलं की तिला वाटलं आपल्याला चक्कर येते आहे, म्हणून ती डॉक्टरकडे जाऊन आली. अर्थात डियर मॅडम म्हणूनच लिहिलं. तुझा मुलगा घरी आला तेव्हा त्याच्या तोंडात कापूस आणि अर्ध्या गालाला भूल. रागवायचं तर ओठ हलेना. नुसता पडद्याकडे बघत कपाळाला हात लावून उभा राहिला. मी सांगितलं की आयने तक्रार केलेली नाही. त्याने एका हाताने गाल धरला, दुसऱ्या हाताने आवृत्ती मागे घेतली आणि माझी परवानगी काढून घेतली. भूल उतरल्यावर म्हणाला, "मावशी, तू दया केलीस ना, म्हणून सगळं पडलं." हे वाक्य मी त्याला विसरणार नाही.

आता मी काय हातावर हात ठेवून बसेन? भिंती हलवायच्या नाहीत ना, नको. मी आहे त्याच खोलीत एमची सोय लावली. त्याचा मधला पाय जमिनीपासून थोडा वर उचलला, बस. बाहेरचे दोन पाय खाली टेकलेत, मधला आखूड. एकदम हवा खेळायला लागली. चित्र रीतसर, बाहेरच्या माणसासारखं, परवानगीशिवाय कोणालाही पाठवता येतं तिथून पाठवलं. मांजरवाल्याने लिहिलं की हा एम श्वास घेतो. आणि तुझा मुलगा? रोज विचारते, रोज म्हणतो, "बघतो." हा शब्द मी स्वतः कचेरीत बसून हजारो अर्जदारांना ऐकवला आहे. त्याचा अर्थ तो मला काय शिकवणार?

तेव्हा माझं स्पष्ट म्हणणं असं, की तुझा मुलगा तू घेऊन जा. मी त्याला पुष्कळ वाढवला. मला या वयात शांतता हवी आहे.

तुझी धाकटी आणि कमालीची सोशिक
बहीण

ता. क. घेऊन जा म्हणजे आताच नव्हे. आधी त्याला फोन कर आणि सहज विचार, एमचं काय केलंस. तुझ्या शब्दाबाहेर तो नाही. मी कोणाचा वशिला कधी चालू दिला नाही, म्हणून तर हे कसं करतात ते मला नीट ठाऊक नाही. तू सांभाळून घे.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात तो स्वयंपाकघरात आला. मांजरवाल्याने जुना आणि नवा एम अगदी बारीक करून शेजारी शेजारी पाठवले होते. जुना म्हणजे शाईचा डाग, माझ्याचे तिन्ही पाय मोजता येतात. त्याने बोट लावून पाय मोजले, मग म्हणाला, "बरा आहे," आणि नव्या आवृत्तीत घेतला. मदत करणाऱ्यांच्या नावांत मावशी असंही लिहिलंय. पत्र परत लिहायचं तर बोटं दुखतात, म्हणून हेच पाठवते. त्याच्याबद्दलचं वाचलंच नाहीस असं समज. टॉवेलचं तेवढं कायम. आणि त्याला न्यायचा विचार मनातही आणू नकोस, इथे त्याचं सगळं वेळेवर होतं.

तिसरा ता. क. फोन मात्र करच. डब्ल्यू हा एमचाच भाऊ, खाली डोकं वर पाय, आणि त्याचे हाल पाहवत नाहीत. डब्ल्यूचा विषय तू आपल्या मनाने काढलास असं त्याला वाटू दे. माझं नाव घेऊ नकोस.