मुद्दाम उडवलेला रंग

४ जानेवारी

कपाट आणलं! जुन्या बाजारातून हातगाडीवर, एका बाजूने मी स्वतः धरून. वाटेत मालकांचं फर्निचरचं शोरूम लागतं. दुसरा रस्ता होता, पण मुद्दाम याच रस्त्याने आणलं. मालक म्हणतेय ते शोरूमचे, माझे नव्हेत! कागदोपत्री अजून नवरा आहे, एवढंच.

काचेआडून त्यांचा सेल्समन बघत होता. मी हात केला. त्याने नाही केला. नोकरी आहे बिचाऱ्याची.

कपाटाचं एक दार लोंबतंय, खालचा कोपरा फुगलाय, आणि कुणीतरी कधीतरी त्याला डाळिंबी रंग फासून ठेवलाय. पण लाकूड खरं आहे. बोटाने वाजवून पाहिलं. शोरूममधल्या एकाही वस्तूचा असा आवाज येत नाही.

५ जानेवारी

दिवसभर पॉलिशपेपर. नाकातोंडात डाळिंबी धूळ. खांदे मोडून आलेत. मस्त!

८ जानेवारी

दादाचा फोन. "लोक मला विचारतात गं. फर्निचरवाल्याची बायको म्हणे भंगारातल्या वस्तू घेऊन राहते."

"मग सांग की, हो, राहते."

"अगं, आरशावरून कुणी घर सोडतं का?"

आरशावरून नाही, दादा. म्हणजे आरशावरूनच. तो एवढासा आरसा मी जुन्या बाजारातून आणला होता, चौकटीला निळा रंग दिला होता, कडांना बोटाने सोनेरी लावला होता. त्या घरातली मी निवडलेली एकुलती एक वस्तू. कामावरून आले तर भिंतीवर नुसता खिळा! "रद्दीवाल्याला दिला. आपल्या घरात शोभत नव्हता," म्हणे.

शोरूममध्ये मॉडेल बदललं की त्या घरात पलंग बदलतो, सोफा बदलतो. सोफ्यावरचं प्लास्टिक निघायच्या आत नवा सोफा येतो. मी म्हटलं, विचारायचं तरी होतं. तर म्हणाले, "कुणाला?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळलं नाही, कुणाला विचारायचं ते! दुसऱ्या दिवसापासून मी भाड्याची खोली शोधायला लागले.

दादाला यातलं काही सांगितलं नाही. "सर्दी झालीय, ठेवते," म्हटलं.

११ जानेवारी

आज गंमत केली. कपाटाला आधी गडद निळा हात दिला होता, तो खडखडीत वाळला. मग मेणबत्ती घेतली आणि कडांवर, मुठीभोवती, कोपऱ्यांवर घासली. त्यावर सायीसारखा पांढरा. तो वाळल्यावर पॉलिशपेपर हलकेच फिरवला. जिथे मेण, तिथला पांढरा सुटतो आणि खालचा निळा डोकावतो. वर्षानुवर्षं हात लागून रंग झिजावा, अगदी तसं दिसतं.

आमच्या चष्म्याच्या दुकानात मी फ्रेमवरचा एक ओरखडा गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून दिवसभर धडपडते. आणि घरी येऊन ओरखडे काढत बसते! पण हे ओरखडे माझे आहेत.

१२ जानेवारी

सगळ्या कपाटाला मेणाचं पॉलिश. फडक्याने घासून घासून. झालं! जेवायचं विसरले.

१५ जानेवारी

दार उघडलं तर सासूबाई! जिने चढून धापा टाकत. मालकांनी पाठवलं असणार, स्वतः यायची हिंमत नाही. त्यांना बरोबर ठाऊक आहे की मी जगात कुणालाही नाही म्हणेन, पण आईंना म्हणताना माझी जीभ जड होते. माझ्या आजारपणात रात्र रात्र उशाशी बसलेली बाई आहे ती.

पाणी प्यायल्या. खोली पाहिली. दोन पांढऱ्या खुर्च्या, स्पंजने ठिपके उमटवलेला दिवा, कपाट. कपाटापाशी थबकल्या आणि डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. म्हणाल्या, "रविवारी तो गाडी घेऊन येतोय. चल बाई घरी. त्याच्यासाठी नको, माझ्यासाठी चल."

मी पेला विसळायला घेतला. आणखी एकदा म्हणाल्या असत्या तर गेले असते. इथे कोण वाचणार आहे, म्हणून लिहिते.

उद्याही त्या आहेत. मला सुट्टी नाही. किल्ली ठेवून जाईन.

१६ जानेवारी

काय लिहू!

संध्याकाळी आले तर जिन्यातच ऑइलपेंटचा वास. आत आई, पदर खोचलेला, हातात ब्रश. कपाट चॉकलेटी! वरपासून खालपर्यंत, चकचकीत, दवाखान्यातल्या बाकासारखं!

"रंग उडाला होता गं सगळीकडून. मला बघवेना. खालच्या दुकानातून डबा आणला."

"उडाला नव्हता, आई! मी उडवला होता! मुद्दाम!"

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू माझंच डोकं ठिकाणावर नाही. "चांगला रंग मुद्दाम कोण उडवतं?"

मग माझा तोल गेला. म्हटलं, तुमच्या घरात आणि इथे फरक काय राहिला? तिथे मला न विचारता आरसा जातो, इथे मला न विचारता कपाट रंगतं. लेक तुमच्यावरच गेलाय!

नको होतं ते शेवटचं. ब्रश खाली ठेवला त्यांनी, चपला घातल्या आणि गेल्या. जिन्यात एकदा थांबल्याचं ऐकू आलं. मी गेले नाही मागे.

१७ जानेवारी

बॅग काढली. दोन साड्या भरल्या. रविवारी जावं झालं. कपाटाकडे पाठ करून बसलेय.

१८ जानेवारी, शनिवार

जाणार नाही. नाही. नाही!

सकाळी बॅग उचलताना ती कपाटाच्या कोपऱ्याला घासली आणि चॉकलेटी रंगाची चांगली वीतभर साल निघून हातात आली! नख लावलं, आणखी निघाली. अगं बाई, मेण! मेणाच्या पॉलिशवर ऑइलपेंट कसा धरेल? वरच्या वर बसला होता नुसता.

फतकल मारून बसले आणि सोलत सुटले. एकटीच हसत होते मोठ्याने. खाली निळा, पांढरा, माझे ओरखडे, सगळं जागच्या जागी. थोडं कुठे खरवडलंय, ते आणखी छान दिसतंय.

बॅगेतल्या साड्या काढून कपाटात ठेवल्या.

१९ जानेवारी, रविवार

मालक आले. इस्त्रीचा शर्ट, दारातच उभे. आईही मागे, माझ्याकडे न बघता. मालक म्हणाले, "झाला ना तमाशा? चल. आतलं हे सगळं इथेच राहू दे, नवं देतो."

"मी येणार नाही."

"परत विचार कर."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

लाल झाले. किल्ल्या फिरवत खाली उतरले. आई मात्र आत आल्या. कपाटाच्या दाराच्या मागे थोडा चॉकलेटी राहिला होता, त्याला मी नख लावलं. लांबलचक साल निघाली. त्या दचकल्या, मग तोंडाला पदर लावून हसल्या. मीही. मग म्हटलं, त्या दिवशी चुकलंच माझं बोलणं.

"असू दे. खोटं कुठे बोललीस?" मग कडेवरच्या निळ्यावरून बोट फिरवत, "रंग कुठे उडवायचा ते कसं ठरवतेस?"

"जिथे हात लागतो तिथे."

बोट तिथेच थांबलं. मग अगदी हळू, "त्या घरात कुठल्याच वस्तूला माझा हात लागलेला नाही गं. लागायच्या आत ती बदलते."

खालून हॉर्न वाजायला लागला. गेल्या.

२२ जानेवारी

दुकानात दिवसभर गर्दी. खोलीत आले की जिवाला बरं वाटतं.

२४ जानेवारी

भल्या सकाळी मालकांचा फोन. घाबरलेला आवाज. "आई तिकडे आलीय का? घरात नाहीये. कपडेही नाहीयेत तिचे."

आई माझ्यासमोर बसून खुर्चीच्या पायाला पॉलिशपेपर लावत होत्या. मी फोन पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"त्याला म्हणावं, माझा पलंग पाठव. माळ्यावरचा, जुना. नवा पाठवलास तर परत करीन."