आधी कोण पुढे झाला

शनि. ३ मार्च २०१८
जानेवारीत खेडहून आणलेली वही दोन महिने कपाटातच. आज एकदाची काकूंकडे नेली. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर ‘मोडी कोणाला वाचता येतं का’ असं विचारलं होतं, त्यावर सगळ्या सिंगापुरातून एकच नाव आलं. मरीन परेडचा काँडो, अकरावा मजला. वय ७९. मुलाकडे आल्यात, व्हिजिट पास मेपर्यंतचा. वडील कोर्टात रेकॉर्ड सांभाळायचे, त्यांनी सुट्टीत मुलीला बसवून मोडी शिकवलेलं. ‘तेव्हा वाटायचं काय ही शिक्षा!’ म्हणाल्या.

पहिलं पान उघडलं, चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं : ‘राघनाक बिन धर्मनाक, शिपाई.’ आणि थांबल्या. नाव ऐकलं की जात कळायची त्या काळी. जाधव आडनावावरून नसेल कळली, ती आता कळली. मी कप हातात धरून बसले. वाटलं, चला, झालं, आता उठायचं.
‘अक्षर देखणं आहे हो,’ काकू म्हणाल्या. ‘पलटणीच्या शाळेतलं दिसतंय. कॉफी घ्या अजून.’ त्याच कपात ओतली.

रवि. ४ मार्च
बाबांचा फोन. ‘कुठवर आलं?’ म्हटलं, कालच तर सुरुवात केली. ‘जरा हात चालव, सुजे.’ हृदय थकलंय त्यांचं, दादा सांगतो जिना बंद केलाय. राघनाक म्हणजे बाबांचे पणजोबा. चीनच्या लढाईला गेलेले. साहेबाने विचारलं, दर्या ओलांडून स्वखुशीने कोण येतो, आख्खी पलटण मान खाली घालून उभी, आणि आमचा राघनाक पहिला पुढे झाला. ही गोष्ट मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. दर वर्षी जयंतीला बाबा विहारात उभे राहून सांगतात. वही घरात होती पण वाचता कोणालाच येत नव्हती.
‘ते एक पान वाचून दाखव मला. मग मी सुटलो.’
असलं बोलायचं नाही म्हटलं तर हसले.

बुध. ७ मार्च
टॅम्पिनीस ते तुआसचं शिपयार्ड, ट्रेनने या टोकापासून त्या टोकापर्यंत. बसायला मिळतं म्हणून लिहिते तरी. काल दिवसभर जहाजाच्या पोटात वाकून वेल्डिंग तपासलं. कंबर गेली. तीन जोड नापास केले तर फोरमन म्हणतो, मॅडम, यू व्हेरी स्ट्रिक्ट लाह. म्हटलं, पाणी माझ्यापेक्षा स्ट्रिक्ट आहे.
राघनाकची (पुढे रा. च लिहीन, हात दुखतो) पहिली आठ पानं झाली. लढाई नाही की काही नाही. ‘आज खणले. उद्या खणायचे.’ वाचून बरं वाटलं, माझ्यासारखंच आहे की.

शनि. १० मार्च
नववं पान काकूंनी एका दमात संपवलं. ‘पाऊस. कवायत झाली नाही.’ दहावं मात्र जड होतं. निघण्याआधी रजेवर गावी गेला तिथलं. अंगात सरकारी कोट, आणि विहिरीपासून लांब उभं राहून ओंजळ पसरली, वरून कोणीतरी पाणी ओतलं, तेही कोटावर सांडलं. काकूंनी शब्दनशब्द वाचलं. आवाज पडला होता पण थांबल्या नाहीत. मग आत गेल्या आणि सिंकचा नळ बराच वेळ चालू ठेवला. बाहेर आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, ‘आपण अगंतुगं करू या का? मला ते अहोजाहो जमत नाही.’
मी हो म्हटलं. मला मात्र त्यांना ‘तुम्ही’च म्हणवतं.

पेन्सिलने पानांना नंबर घातले, मोबाईलवर फोटो काढले आणि वही काकूंकडेच ठेवली. एकूण ६१. मोडी शिकवा म्हटलं काकूंना. चार अक्षरं शिकले, तीन विसरले. पालथ्या घड्यावर पाणी.

शनि. २४ मार्च
आज जहाजावरची पानं. मळमळ, बिस्कूट, उष्मा. पिण्याचं पाणी मोजून. मधूनमधून ‘सिदनाक बरा आहे’, ‘सिदनाकाने जेवण टाकले’. कोण हा? पुढे लिहिलंय, ‘धाकटा माझा.’ म्हणजे सख्खा भाऊ! आमच्या घरात हे नाव कधी कोणी घेतलेलं मी ऐकलं नाही.

आणि मग हे. काकूंनी हळू वाचलं, मी तसंच उतरवून घेतलं :
‘शिंगापुरास जहाज लागले. पाणी भरले. पहाटे सिदनाक गेला. चौघांनी बेटावर नेऊन पुरला. मला उतरू दिले नाही. कोठे पुरला म्हणून विचारले तर टेकडीच्या अंगाला म्हणाले.’

खिडकीतून समुद्र दिसत होता, त्यात उभी राहिलेली जहाजं. काकूंचा काँडो आहे ती जागा तेव्हा पाणीच होती, सगळी भराव घालून केलेली. चौदा वर्षं राहतेय मी इथे. भाजी आणली, पोरगी वाढवली, कायम राहायचा पीआर घेतला. आमचा माणूस इथे होता आणि आम्हाला पत्ता नाही.
घरी येऊन डोळे पुसले तर रुही म्हणते, ‘मम्मा, सो लाँग अगो ऑलरेडी, व्हाय क्राय?’ काय सांगू तिला? रडू आलं, रडले.

रवि. २५ मार्च
बाबांना सांगितलं. एकदम उखडले. ‘भाऊ? भाऊबिऊ नव्हता त्याला. पलटणीतला असेल कोणी, धाकटा म्हणत असतील प्रेमाने.’ मग खोकला. दादाने फोन घेतला, ‘कशाला डोक्याला ताप देतेस त्यांच्या?’ खरंय त्याचं. तो करतो सगळं, मी फक्त रविवारी बोलते.
बाबांचं एकच पालुपद. पुढे झाल्याचं पान आलं का? नाही आलं. काकू म्हणतात, गळलं असेल. वहीची शिवण तर शाबूत आहे.

गुरु. ५ एप्रिल
ट्रेनमध्ये मोबाईलवरचे पानांचे फोटो बघत बसले होते, अक्षरं ओळखायची म्हणून. नववं पान. सवय वाईट, ओळी मोजल्या. बावीस. आणि काकूंनी वाचलं काय, तर ‘पाऊस. कवायत झाली नाही.’ बावीस ओळींचा पाऊस?
तिसऱ्या ओळीत ‘सि’ ओळखू आला. नंतर ‘द’. जुरोंग गेलं, तुआस आलं, मी बसूनच. शेवटचं स्टेशन म्हणून उठवलं कोणीतरी.

शनि. ७ एप्रिल
भांडले. उचलली जीभ लावली टाळ्याला.
‘नववं पान गाळलंत तुम्ही.’
काकूंनी चष्मा काढून ठेवला.
‘तुमच्या लोकांनी काहीतरी केलेलं असणार त्यात. ते तुमच्याच्याने वाचवेना. बरोबर ना?’
काकूंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, ‘विहिरीचं पान वाचलं नव्हतं का मी? एक तरी शब्द गिळला का?’
नव्हता गिळला. मला माहीत होतं. तरी तोंडातून गेलं ते गेलं.

त्या उठल्या आणि देवाच्या पुस्तकांमधून एक घडी घातलेला कागद काढून आणला. नववं पान, देवनागरीत, स्वच्छ. दहा मार्चलाच, मी गेल्यावर लिहून ठेवलेलं.
‘तू सुरुवातीलाच सांगितलंस, वडील या एका पानासाठी थांबलेत. डोळ्यांसमोर आलं ते हे. म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं काढून घेऊ नये गं.’
‘आणि हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण?’
‘कोणी नाही. चुकलंच माझं.’
कागद घेतला आणि निघाले. चहा तसाच राहिला. बस चुकली, पुढची येईपर्यंत उन्हात उभं राहून वाचलं :

‘साहेबांनी विचारले, दर्या ओलांडून स्वखुशीने कोण येतो. कोणी हलेना. मी खाली पाहिले. तोच सिदनाक पुढे झाला. अजून मिसरूड फुटली नाही. सगळ्या पलटणीत पहिला तो. मला राग आला. म्हटले मागे ये. ऐकेना. मग मीही गेलो. एकटा कसा सोडू. आईला काय सांगू.’

आणखी बरंच आहे, रेशन, कोट, रजा. पण हे एवढंच डोक्यात राहिलं.
म्हणजे पहिला राघनाक नव्हताच.

रवि. ८ एप्रिल
बाबांना फोन केला नाही. ओव्हरटाइम आहे असा दादाला मेसेज टाकला. खोटं.

शनि. १४ एप्रिल
जयंती. बाबांना विहारात जाता आलं नाही. दादाने फोन माईकला लावला आणि बाबा घरातूनच बोलले. दादाने मला पण जोडून घेतलं. ‘...आणि आमचा राघनाक पहिला पुढे झाला!’ धाप लागत होती तरी आवाज चढवला. टाळ्या. मी इथे किचनमध्ये पोळ्या लाटत उभी. लाटणं तिथेच ठेवलं आणि बसले खाली. हे मी कुठल्या तोंडाने काढून घेऊ त्यांच्याकडून? आणि सिदनाकचं काय? त्याचं आहे ना ते. इतकी वर्षं कोणी त्याच्यासाठी एक टाळी वाजवली नाही.

शनि. २१ एप्रिल
काकूंकडे गेले. दार उघडून म्हणाल्या, ‘आलीस? मला वाटलं आता कुठली येतेस.’ मी माफी मागायला तोंड उघडलं तर, ‘उपमा गार होतोय, आधी खा.’ खाल्ला. मीठ कमी होतं. सांगितलं तर म्हणाल्या, ‘बीपी माझं आहे, तुझं नाही, वरून घे.’ बरं वाटलं फार.
वाचायला बसलो. चीन. तिथेही खणणं. चिखल, ताप, वाट बघणं. बंदूक एकदाच झाडली, ‘कोणास लागली ठाऊक नाही.’ सिदनाकचं नाव एकदाही नाही.

शनि. २८ एप्रिल
काकू मंगळवारी चालल्या. विमान, व्हीलचेअर, सुनेची धावपळ. पाच पानं उरलीत. ‘ती तू वाच. येतंय तुला आता.’ मोडीची मुळाक्षरं मोठी काढून दिली, फ्रीजवर लावायला. जाताना विचारलं, ‘वडिलांना काय सांगणार?’
म्हटलं, ठरत नाही.
‘माझ्यासारखं करू नकोस,’ म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, ‘कर हवं तर. मला काय कळतंय.’
वाकून नमस्कार करत नाही मी कोणाला. मिठी मारली. हाडंच लागली नुसती.

शुक्र. ११ मे
दोन आठवडे त्या पाच पानांवर. ट्रेनमध्ये, कँटीनमध्ये, ड्राय डॉकच्या सावलीत हेल्मेट मांडीवर घेऊन. एकेक अक्षर. जीव मेटाकुटीला आला. आज शेवटचं पान लागलं :

‘घरी आलो. आई दारात. सिदनाक कोठे असे विचारले नाही. पत्र गेले होते. आधी कोण पुढे झाला, एवढेच विचारले. मी म्हणालो, मी. तो माझ्यामागून आला. आई सहा महिने बोलली नाही. बरे झाले. त्याच्यावर रागावली नाही.’

पुढे कोरं.
म्हणजे आमच्या घरातली ती गोष्ट इथून निघाली. बढाई नव्हतीच ती. गेलेल्या पोराला आईने दोष देऊ नये म्हणून थोरल्याने स्वतःवर ओढून घेतलेलं. आईने ते खरं मानलं, मग त्याच्या मुलाने, मग नातवाने, मग बाबांनी, आणि विहारात टाळ्या पडायला लागल्या.
कँटीनमध्ये सगळ्यांसमोर रडले. फोरमनने टिश्यूचं पाकीट सरकवलं आणि दुसरीकडे बघत नूडल्स खात बसला. भला माणूस.

रवि. १३ मे
बाबा परवापासून हॉस्पिटलमध्ये. तिकीट बघितलं, रजा बुधवारपासून मिळेल म्हणतात. दादाने फोन त्यांच्या कानाशी धरला. आवाज पार खोल गेलाय.
‘आलं का गं ते पान?’
‘आलं, बाबा.’
‘वाच.’

माझ्यासमोर दोन कागद होते, नववं आणि शेवटचं. शेवटचं उचललं. तेही सबंध नाही वाचलं. ‘आधी कोण पुढे झाला, एवढेच विचारले. मी म्हणालो, मी.’ तिथे थांबले. एक अक्षर खोटं नाही. काकूंना एवढं बोलले आणि मी केलं तेच.

बाबा हसले. खूप दिवसांनी तसं हसले. ‘ऐकलंस?’ दादाला म्हणाले. ‘सांगत नव्हतो मी? म्हणालो, मी! वा रे पठ्ठ्या!’ म्हटलं चला, झालं. सुटले बाबा आणि सुटले मी.

पण जन्मभर मास्तरकी केलेला माणूस तो.
‘सुजे.’
‘अं?’
‘विचारलं कोणी?’
‘आईने. त्याच्या.’
‘आधी कोण, असं विचारलं?’
‘हो.’
‘एकटाच गेला असता तर आईने असं कशाला विचारलं असतं?’

तेवढ्यात नर्स आली, दादा म्हणाला, आता पुरे. फोन काढून घेताना बाबांचं ऐकू आलं, ‘ती येतेय ना? आली की पहिल्यापासून वाचू दे. तोवर आहे मी.’

बुधवारची रजा टाकली. बॅग भरायला काढलीय. वही कपड्यांच्या मध्ये ठेवली, भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये. काकूंच्या अक्षरातलं नववं पान अजून टेबलावरच आहे.