आईने भरून ठेवलेलं कार्ट

बाबा,

मी कामावर निघाले, तुम्हाला उठवलं नाही. दुपारी किराणा येईल. ओटीपी आईच्या फोनवर येईल, तो चार्ज करून टेबलावर ठेवलाय. डिलिव्हरीवाला तिचं नाव घेईल, नुसतं हो म्हणा.

ही ऑर्डर तिचीच आहे. दवाखान्यात जायच्या आधी तिने फोनवरच्या किराणा अ‍ॅपमध्ये कार्ट भरून, पैसे न देता तसंच ठेवलं होतं, नेहमीसारखं. "थांबा जरा, दुकानवालेच कुपन घेऊन मागे येतील," म्हणायची. आणि तुम्ही म्हणायचात, "झाला हिचा दुकानाशी अबोला सुरू." ती गेल्यापासून कुणी ते उघडलंच नव्हतं. काल पाहिलं तर कुपन आलेलं.

तिची बिनसाखरेची बिस्किटं मी काढणार होते. पण ती काढली की बिल कुपनासाठी लागणाऱ्या रकमेच्या खाली जात होतं, म्हणून राहू दिली. तुम्हाला आवडत नाहीत, माहीत आहे. कपाटात ठेवा.

आज तुम्ही तिचा नंबर बंद करायला जाणार होतात. आज नको. पुढच्या महिन्याचं सामानही मी तिच्याच कार्टमध्ये भरून ठेवलंय. त्यावर कुपन यायला वेळ लागेल, बाबा.