कोपऱ्यातले आकडे

राउंडअप, मोंटाना
१२ एप्रिल २०१९

प्रिय लोर्ना,

तू आणि पीट मजेत असाल. मी ठीक आहे. बर्फ वितळलं, आता नुसता चिखल आहे. गाडी फाटकापाशी ठेवून घरापर्यंत चालत यावं लागतं. टली अजून तुझ्या आईच्या नेमबाजीच्या चटईवरच झोपतो. मी ती गुंडाळून ठेवली की समोर बसून माझ्याकडे बघत राहतो. मग मी ती परत पसरतो. या कुत्र्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

गेले तीन रविवार तुझा फोन आला नाही. चूक माझीच आहे. तू चार पानं लिहिलीस आणि मी कार्डावर एक ओळ पाठवली, "रायफल आहे तशीच राहील." एमेट तार केल्यासारखा बोलतो, असं तुझी आई माझ्याबद्दल म्हणायचीच. तर आता नीट लिहितो.

जूनच्या सामन्यात आईच्या जागी तू उतरणार, याचा मला आनंद आहे. आपल्या क्लबाची रीत तुला ठाऊक आहे. सभासद गेला की पुढच्या सामन्यात त्याचं नाव फळ्यावर तसंच ठेवतात, आणि त्याच्या घरचं कोणीतरी त्या जागेवरून वीस गोळ्या झाडतं. कोणी नसेल तर जागा रिकामी राहते. मी काही नेमबाज नाही. म्हणजे तूच.

प्रश्न काडतुसाचा आहे. तू म्हणतेस, आईच्या तीनशे आठ काडतुसाचा दणका तुझ्या खांद्याला सोसत नाही, नळी बदलून हलक्या साडेसहा मिलिमीटरची बसवू. मी कागदावर मांडून पाहिलं. ताशी दहा मैलांचा आडवा वारा असला तर हजार यार्डांवर तीनशे आठची गोळी साडेसात फूट सरकते, साडेसहाची साडेपाच. दणका साधारण पाव हिश्श्याने कमी. इथवर तू जिंकलीस. पण साडेसहाची नळी अडीच हजार गोळ्यांत झिजते, तीनशे आठची पाच हजार चालते. आईच्या नळीतून अजून दोन हजारही झाडलेल्या नाहीत. तिच्या गटात फक्त तीनशे आठच चालतं आणि त्या गटातला क्लबाचा विक्रम अजून तिच्या नावावर आहे. शिवाय तळघरात एकशे ऐंशी काडतुसं भरलेली आहेत. गेल्या ऑगस्टमध्ये मी भरली, दारूचा एकेक दाणा तोलून.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तुझ्या आईनेही हेच विचारलं होतं. तेव्हाही मी हाच तक्ता केला होता. असो.

जाड जाकीट घाल. सवय होईल.

तुझा,
बाबा

ता. क. आईची गुणांची वही चाळत होतो. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिने पेन्सिलीने एक आकडा लिहिलाय. कितव्या गोळीला नळी तापून नेम बिघडतो, त्याची नोंद असणार. सतरा, पंधरा, चौदा, अकरा. दर सामन्यात आकडा उतरत गेलाय. तेव्हा तू दोन गोळ्यांमध्ये जास्त वेळ जाऊ दे.


राउंडअप
१० मे २०१९

प्रिय लोर्ना,

तुझं कार्ड मिळालं. "आकडे बरोबर आहेत, बाबा" एवढंच लिहिलं होतंस. तू माझीच मुलगी आहेस.

परवा मदर्स डे. चर्चमध्ये बायकांना फुलं वाटतील. गेल्या वर्षी आईने तिचं फूल माझ्या कोटाला लावलं होतं आणि मी ते दिवसभर विसरलो होतो. पेट्रोल भरायला गेलो तेव्हा सगळे हसत होते.

फोनवर मला हे सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय. एका बैठकीत वाच.

मंगळवारी व्हर्ना आली होती, ऱ्हुबार्बच्या आंबट देठांचा केक घेऊन. ती इतकी वर्षं सामन्यात आईच्या शेजारच्या जागेवर असायची, हे तुला माहीतच आहे.

"जिवंत आहेस का ते बघायला आले," ती म्हणाली. "हे स्वयंपाकघर बघून तरी खात्री पटत नाही."

मी कॉफी ठेवली. टेबलावर वही होती, ती तिच्यापुढे सरकवली. म्हटलं, बघ, नळी कशी लवकर लवकर तापायला लागली होती.

व्हर्नाने चष्मा लावला. चार-पाच पानं उलटली. मग वही मिटली.

"एमेट, तू एवढा शिकलेला माणूस, आणि इतका येडा कसा रे?"

"का? काय झालं?"

"हे नळीचे आकडे नाहीत. खांद्याचे आहेत. कितव्या गोळीला दुखायला लागतं ते लिहायची ती. माझ्या शेजारी पडल्या पडल्या लिहायची."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"सांगितलं की! साडेसहाची नळी मागितली होती ना तुझ्याकडे? तू तिला तक्ता करून दिलास."

ती केक कापायला लागली, मग सुरी खाली ठेवली. "मी तिला म्हटलं होतं, अगं, स्पष्ट बोल त्याच्याशी. तर म्हणाली, 'तो रात्रंदिवस तळघरात बसून एकेक दाणा तोलतो, व्हर्ना. त्याच काडतुसांनी खांदा दुखतो असं त्याला कुठल्या तोंडाने सांगू?'"

लोर्ना, तुझ्या आईने तो तक्ता वाचला तेव्हा ती हसली होती. "बरं बाबा, आकडे जिंकले," असं म्हणून तिने तो फ्रिजवर चिकटवला. मी वाद जिंकलोच असं समजलो. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. तिला नळी का बदलायची आहे, हे मात्र मी विचारलं नाही. मग त्या वसंतात मी तीनशे आठचीच नवी नळी बसवून घेतली.

तेवीस वर्षं प्रत्येक सामन्यात मी लक्ष्याच्या फलकांखालच्या खंदकात उभा राहिलो. ती झाडायची एका टोकाला, मी फलक खाली ओढायचो दुसऱ्या टोकाला. गोळी कुठे लागली ते तिला दिसावं म्हणून भोकात रंगीत चकती खोचायची आणि फलक परत वर चढवायचा. इतरांना वाटायचं हे काय कंटाळवाणं काम. मला कधी कंटाळा आला नाही. कागदावर तिचं नाव नसलं तरी भोकं बघून मी ओळखायचो की ही आर्डिस. तिच्या तीन गोळ्या एका बशीखाली झाकल्या जायच्या.

शेवटच्या दोन वर्षांत तिच्या शेवटच्या गोळ्या उजवीकडे खाली जायला लागल्या. सगळ्यांच्या आधी ते मला दिसलं. मी दारू बदलून पाहिली. नळीवर टाकायला ओला टॉवेल दिला. तिने तो मुकाट्याने टाकला. खंदकातून भोक दिसतं, हजार यार्डांवरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही.

वहीतला शेवटचा आकडा सप्टेंबरचा आहे. तीन. त्या दिवशीही ती वीसच्या वीस गोळ्या झाडून उठली.

ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी तिला विचारलं, खांदा किती दिवसांपासून दुखतोय? ती माझ्याकडे बघून म्हणाली, "फार दिवस नाही झाले." मी तिच्या शेजारीच बसलो होतो. मला ते खरं वाटलं. आता वहीवरून मोजलं. एकोणीस महिने.

ती ज्यात गेली, ते हाडातलं दुखणं आधी कळलं असतं तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. तुला विचारावंसं वाटलं तर विचार. मला सांगायचं की नाही ते तू ठरव.

तू लिहिलंस, दणका सोसत नाही. मी लिहिलं, सवय होईल. दुसऱ्यांदा तेच केलं मी. ते वाक्य मला परत घ्यायचंय.

उद्या रायफल घेऊन डेल्बर्टकडे, त्याच्या बंदुकांच्या दुकानात जातोय. त्याच्याकडे साडेसहाची नळी तयार आहे. गट बदलेल, पण फळ्यावरची आईची जागा तीच राहील. बाकी रायफल आहे तशीच राहील, दस्त्यावर आईचा गाल टेकून जिथे रंग उडालाय तो भागही.

तुझा,
बाबा


राउंडअप
३ जून २०१९

प्रिय लोर्ना,

रविवारी फोनवर तू रडत होतीस म्हणून मी फार बोललो नाही. म्हणजे एरवी बोलतो असं नाही.

तू म्हणालीस, "आता मला आईचीच नळी हवी, बाबा. आणि तू भरलेलीच काडतुसं. दुखलं तर दुखू दे." तू असं म्हणालीस, ते मला आवडलं. पण नको. दुखावं म्हणून मी ती भरली नव्हती.

आणि आता ती राहिलीही नाहीत. गेल्या आठवड्यात चार दिवस बसून मी एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी काडतुसं उकलली. गोळ्या आणि पितळी पुंगळ्या व्हर्नाला दिल्या, तिला तीनशे आठच लागतं. "तुझी गोळी घेऊन तुझ्याच बायकोचा विक्रम मोडते की नाही बघ," असं म्हणून गेली. दारू आपल्याकडे सगळेच टाकतात तशी बागेत टाकली, आईच्या ऱ्हुबार्बच्या बुडाशी. म्हणे चांगलं खत असतं. पानं आत्ताच टलीच्या पाठीएवढी झाली आहेत.

साडेसहाची साठ काडतुसं भरली आहेत. हो, तोलूनच. सवय जात नाही. पण पहिली दहा झाडून बघ, आणि आवडली नाहीत तर तसं सांग. मी दुसरी भरीन. तीही आवडली नाहीत तर तिसरी भरीन. मला दुसरं काम काय आहे?

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत या. पीटसाठी खोली झाडली आहे. टली चटई देईल की नाही सांगता येत नाही, त्याच्याशी तूच बोल.

आणखी एक. क्लबाला कळवलंय की या वेळी खंदकात दुसरा माणूस लावा. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. कोणी कारण विचारलं नाही.

तू झाडशील तेव्हा मी तुझ्या मागे, हाताच्या अंतरावर खुर्ची टाकून बसेन. भोकं कुठे पडतात ते मला तिथून दिसणार नाही, आणि या वेळी मला ती बघायचीही नाहीत. खांदा दुखला तर वहीत लिहू नकोस. वळून सांग.

तुझ्या मागच्या खुर्चीतला,
बाबा